खाडीकाठचा तराजू

सत्यजितची आई नोव्हेंबरात शारजाला आली आणि पंधरा दिवसांतच पर्णिकाला कळून चुकलं, की या बाईंना काय दाखवावं हे आपल्याला काही सुचणार नाही.

ते सत्त्याण्णव साल होतं. सत्यजित एका काँट्रॅक्टिंग कंपनीत सिव्हिल इंजिनिअर. जेबेल अलीच्या साइटवर उजाडायच्या आत जायचा आणि संध्याकाळी ट्रॅफिकच्या नावानं बोटं मोडत परत यायचा. सुट्टी शुक्रवारची, तीही काँक्रीट ओतायचं निघालं की गेलीच. त्यामुळे आईला फिरवायचं काम आपसूक बायकोकडे आलं. पर्णिका शारजातच जन्मलेली, वाढलेली. वडिलांचं तिथल्याच रोला भागात मसाल्यांचं दुकान होतं. भारत म्हणजे तिच्या लेखी शाळेची उन्हाळ्याची सुट्टी, आणि सासू म्हणजे लग्नाच्या गर्दीत आणि पुढे एका दिवाळीत भेटलेली एक उंच, कमी बोलणारी बाई.

सुलभाबाई बार्शीला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, आणि सत्यजितचे वडील जाऊन दोन. आईनं आता बार्शीत एकटं राहू नये, कायमचं इथंच यावं, असं सत्यजितच्या मनात पक्कं होतं. आईला मात्र त्यानं ते सांगितलं नव्हतं. "आधी तिला इथं रमू दे," तो पर्णिकाला म्हणाला, "मग मी हळूच विषय काढतो. व्हिसाचं बघून ठेवलंय."

म्हणजे रमवायचं पर्णिकानं. आणि त्या खरोखर रमल्या तर पुढे काय, हा प्रश्न वेगळाच. दोन खोल्यांचा फ्लॅट. तिची दुबईतली नोकरी. घरी आल्यावर पाय पसरून टीव्ही बघायची तिची सवय. सासू वाईट होती असं मुळीच नाही. त्या काही बोलायच्या नाहीत, हाच तर घोर होता.

तिनं त्यांना सिटी सेंटर दाखवलं. गोल्ड सूक, म्हणजे सोन्याचा बाजार, दाखवला. सुलभाबाई सगळीकडे शहाण्या मुलीसारख्या मागे हात बांधून चालायच्या, किमतीच्या चिठ्ठ्या वाचून मनात दहानं गुणायच्या आणि "छान आहे हो," म्हणायच्या. दुबईच्या खाडीत अब्रात, म्हणजे तिथल्या लाकडी होडीत, बसल्या तेव्हा तेवढ्यापुरत्या जरा हलल्या. नावाड्याशेजारी जाऊन इंजिनात वाकून बघू लागल्या. पर्णिकानं घाबरून त्यांचा पदर धरला आणि त्यांना परत फळीवर बसवलं. नंतर तिला वाटलं, बसवायला नको होतं.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी सत्यजितला साइटवर जावं लागलं. पर्णिकानं सासूला कोरोलात घातलं आणि अजमानचा समुद्र दाखवायला निघाली. लायसन्स मिळून तिला सहाच महिने झाले होते. एका राउंडअबाउटला ती चुकीच्या फाट्यानं बाहेर पडली आणि समुद्राऐवजी खाडीच्या बाजूला, गोदामांच्या ओळीत जाऊन पोचली. दोन्ही बाजूंना नुसत्या भिंती. नकाशा मागच्या सीटवर पडलेला. ती मनातल्या मनात स्वतःला बोल लावत असतानाच शेजारून आवाज आला.

"थांब. अगं थांब, गाडी थांबव!"

सासूबाईंचा आवाज एवढा चढलेला तिनं कधी ऐकला नव्हता. तिनं करकचून ब्रेक मारला. सुलभाबाई काच खाली करून वर बघत होत्या. समोरच्या भिंतीच्या वर एक निळी लाकडी लाँच हवेत लटकत होती. तिच्या पोटाखालून पाणी ठिबकत होतं.

"आई, रिपेअरिंगचं यार्ड असेल. क्रेन असेल त्यांची."

"कुठाय क्रेन? दाखव बरं मला."

क्रेन नव्हती खरी. पर्णिका आणखी काही म्हणायच्या आत सुलभाबाई दार उघडून उतरल्याही होत्या.

फाटक उघडंच होतं. आत कुणी अडवलं नाही, फक्त एक दाढीवाला, ग्रीसनं माखलेला माणूस हातातलं फडकं खाली ठेवून उभा राहिला. शुक्रवारी दोन बायका, त्यातली एक नऊवार वाटावी इतक्या घट्ट निऱ्यांच्या सुती साडीतली, यार्डात येताना त्यानं बहुधा कधी पाहिल्या नसाव्यात. त्याचं नाव हमदुल्ला. ग्वादरकडचा बलुची, वीसेक वर्षं इथंच काम करत होता.

सुलभाबाईंनी नमस्कार-चमत्कार काही केले नाहीत. "भैया," त्या म्हणाल्या, "मोटर किधर है?"

"मोटर नहीं है, अम्मा."

"फिर ये ऊपर कैसे आया?"

"पानी से," हमदुल्ला म्हणाला.

सुलभाबाई पर्णिकाकडे वळल्या. त्यांचा चेहरा असा उजळला होता, की पर्णिकाला क्षणभर त्या दुसऱ्याच कुणी वाटल्या.

मग हमदुल्लानं सगळं दाखवलं. खाडीच्या काठावर सिमेंटचे चार खांब. त्यांच्या माथ्यावर माणसाहून उंच लोखंडी चाकं, आणि चाकांवरून गेलेल्या तळहाताएवढ्या कड्यांच्या साखळ्या. साखळ्यांच्या एका टोकाला, पाण्याच्या बाजूला, जाड तुळयांचा पाट. त्या पाटावर लाँच बसवायची. दुसऱ्या टोकाला, जमिनीच्या बाजूला, खोलीएवढी लोखंडी टाकी, आणि टाकी उतरायला खोल सिमेंटचा खड्डा. पाट पाण्यात बुडवायचा, लाँच त्याच्यावर तरंगत आणायची आणि टाकीत खाडीचं पाणी भरायला लागायचं. टाकी जड होत होत लाँचेच्या भाराइतकी झाली, की तराजूची दोन पारडी बरोबरीला येतात. मग बाजूच्या खांबावरचा हँडल एका माणसानं फिरवला तरी टाकी खड्ड्यात उतरत जाते आणि लाँच वर चढते.

तीसेक वर्षांपूर्वी इथं वीज धड नव्हती, तेव्हा तेलाच्या शोधात आलेल्या कुणा गोऱ्या इंजिनिअरनं आपल्या लाँचा दुरुस्तीला वर घ्यायला हा तराजू उभा केला होता. गोरा गेला, तेल दुसरीकडे निघालं. शेजारच्या यार्डात मोठी क्रेन आली तेव्हा गिऱ्हाइकंही तिकडे गेली. पण इथल्या मालकाचा, म्हणजे अरबाबचा, या तराजूवर जीव. स्वतःची आणि दोस्तांची लाँच तो याच्यावरच चढवायचा.

"हर कश्ती का अलग पानी," हमदुल्ला टाकीच्या आतल्या बाजूचे रंगाचे पट्टे दाखवत म्हणाला. एकेका लाँचेसाठी एकेक पट्टा. पाणी कुठवर भरायचं त्याची खूण.

सुलभाबाईंनी साखळीच्या एका कडीवरून हात फिरवला. आपल्याकडे गाईच्या पाठीवरून फिरवतात तसा. "किती सुरेख," त्या हळूच म्हणाल्या. "काय सुरेख डोकं चाललंय बाई माणसाचं."

निघताना हमदुल्ला म्हणाला, पुढच्या शुक्रवारी नमाजानंतर, भरती आली की अरबाबची स्वतःची लाँच चढणार आहे. बघायचं तर या.

परतीच्या वाटेवर सुलभाबाई बोलत होत्या. पर्णिकाला रस्ता शोधायचा होता, पण तिला त्यांना थांबवणं जिवावर आलं. शाळेच्या लायब्ररीत एक फाटकं इंग्रजी पुस्तक होतं म्हणे, त्यात परदेशातल्या एका कालव्याचं चित्र होतं. कालवा एका जागी एकदम उंच टेकाडावर चढतो. मग नावांनी चढायचं कसं? तर तिथं पाण्यानं भरलेल्या दोन प्रचंड घंगाळ्यांचा पाळणा केलेला. एक वर, एक खाली. नाव सरळ घंगाळ्यात शिरते आणि तरंगत तरंगतच वर जाते. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट! ते चित्र सुलभाबाई दर वर्षी नववीच्या फळ्यावर काढायच्या.

"आणि त्यातली गंमत ऐक. घंगाळ्यात नाव शिरली तरी त्याचं वजन वाढत नाही. भरलेली येऊ दे, रिकामी येऊ दे. दोन्ही पारडी सारखीच."

"असं कसं होईल आई? दॅट्स नॉट पॉसिबल. नावेचं वजन आहे ना?"

"नाव आत आली की आपल्या वजनाइतकं पाणी बाहेर ढकलते. ती आली, पाणी गेलं. फिट्टंफाट. इथं तुमच्या अजमानात मात्र नाव पाण्याबाहेर काढतात, म्हणून प्रत्येकीला वेगळं तोलावं लागतं. कळलं?"

शाळेत पर्णिकानं सायन्स घोकून पास केलं होतं आणि परीक्षा संपल्यावर आनंदानं विसरून टाकलं होतं.

"नाही कळलं," ती म्हणाली.

"मग घरी दाखवते," सुलभाबाई म्हणाल्या. आवाजात नाराजी तर नव्हतीच, उलट नवी विद्यार्थिनी मिळाल्याचा आनंद होता.

त्या संध्याकाळी सत्यजित घरी आला तेव्हा त्याची आई आणि बायको न्हाणीघरात पाटावर बसल्या होत्या. नळाला कपड्यांचा हँगर टांगलेला. हँगरच्या दोन टोकांना दोरीनं स्टीलचे दोन डबे, दोन्हींत तांदूळ, आणि हँगर अगदी आडवा, सरळ. सुलभाबाईंनी पाण्याची बादली एका डब्याखाली धरून हळूहळू वर उचलली. डब्याचा तळ पाण्याला लागला मात्र, तो डबा वर आला आणि दुसरा खाली गेला.

"तांदूळ काढला का मी?" सुलभाबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग हलका का झाला?"

पर्णिका ओल्या हातांनी डब्याकडे बघत राहिली. "पाण्यानं त्याला खालून उचललं," ती म्हणाली. "पाणी इज पुशिंग इट."

"हां!"

"जेवायला काय आहे?" सत्यजितनं दारातून विचारलं. आईनं बादली दुसऱ्या डब्याखाली सरकवली.

तो आठवडा पर्णिकाला निराळाच गेला. ऑफिसातून आल्यावर सुलभाबाई काहीतरी तयार करून वाटच बघत असायच्या. लिंबू गोड्या पाण्यात बुडतं आणि मिठाच्या पाण्यात तरंगतं का, अंडं काय करतं. त्या शिकवायला लागल्या की त्यांचे हात बोलायचे, आणि चूक उत्तर दिलं तर खूश व्हायच्या, कारण मग पुढचा प्रश्न विचारता यायचा. पर्णिकाला आपल्या शाळेतल्या सगळ्या मास्तरणी आठवल्या. यांच्यासारखी एकही नव्हती.

पुढच्या शुक्रवारी सत्यजित पुन्हा साइटवर. पर्णिकानं त्याच्या साइटच्या ऑफिसात निरोप ठेवला, आम्ही अजमानच्या खाडीवर अमक्या गोदामामागे आहोत, संध्याकाळी येऊ. या खेपेला ती रस्ता चुकली नाही.

यार्डात अरबाब स्वतः हजर होता. पांढरा पायघोळ कंदुरा घातलेला, काठी टेकून प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला, सत्तरी ओलांडलेला म्हातारा. त्याला जुन्या अरबांची मोडकी, गोड हिंदी येत होती. हमदुल्लानं त्याला या बाईंबद्दल सांगून ठेवलं असावं. त्यानं छातीवर हात ठेवला आणि विचारलं, "मम्मी को देखना है, या बैठना है?"

"बैठना?" सुलभाबाई म्हणाल्या. "कश्ती में?"

"मैं हर बार बैठता. आज घुटना खराब. तुम बैठो. यल्ला, चलो."

पर्णिका नको म्हणणार होती. इन्शुरन्स, पाय घसरला तर, सत्यजितला काय सांगायचं, असं सगळं तिच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात सुलभाबाईंनी चपला काढून हातात घेतल्या आणि फळीवरून लाँचेत पाऊल ठेवलं. मग सुनेला जाणं भागच होतं.

भरतीच्या पाण्यावर लाँच डुलत होती. हमदुल्लाच्या माणसांनी दोऱ्या ओढून तिला बरोबर पाटावर आणली. पंप सुरू झाला, टाकीत धबधब पाणी पडू लागलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग लाँचेचं डुलणं थांबलं. पायाखाली काहीतरी घट्ट लागल्यासारखं झालं.

"पाट टेकला," सुलभाबाई कुजबुजल्या. त्यांनी पर्णिकाचं मनगट धरलं होतं.

टाकीतलं पाणी अरबाबच्या लाँचेच्या पट्ट्यापाशी आलं तसा हमदुल्लानं पंप बंद केला, दोघींकडे एक नजर टाकली आणि हसत पंप पुन्हा जरासा चालू केला. "आप दोनों का पानी," तो ओरडून म्हणाला.

"मेरा ज्यादा डालो," सुलभाबाईंनी वरून सांगितलं. "इसका थोडा!"

हमदुल्ला हँडल फिरवू लागला. एकटा माणूस, एका हातानं, जातं फिरवावं तसा. आणि ती लाँच, तिचं इंजिन, नांगर, त्या दोघी, सगळं जसंच्या तसं वर निघालं. आवाज फक्त साखळ्यांचा आणि खाली गळणाऱ्या पाण्याचा. धक्का नाही, हिसका नाही. काठ खाली गेला, अरबाबची खुर्ची खाली गेली, गोदामांचे पत्रे डोळ्यांच्या रेषेत आले. पर्णिकानं डोळे मिटून घेतले होते. ते तिनं उघडले तेव्हा खाडीच्या पलीकडची तिवरं आणि त्यांच्यापुढे चिखलात उभी असलेली रोहित पक्ष्यांची फिकट गुलाबी ओळ दिसत होती. जन्मभर इथून अर्ध्या तासावर राहून तिनं ती कधी पाहिली नव्हती.

आणि मग लाँच थांबली.

हमदुल्लानं हँडलवर दोन्ही हात टाकले. आणखी एक माणूस धावत आला. हँडल जेमतेम हलला आणि अडला. त्यांनी खटका लावून चाक जागच्या जागी बंद केलं. लाँच अर्ध्या वाटेवर, पाण्यापासून एक मजला उंच, आणि खांबांलगतच्या ज्या फलाटावर उतरायचं तो अजून तेवढाच वर.

"आई, काय झालं? साखळी तुटली का?"

"तुटली असती तर आपण खाली असतो," सुलभाबाई शांतपणे म्हणाल्या. पण त्यांच्या कपाळावरही आठी होती. त्या चाकांकडे बघत होत्या, एकामागून एक, चारही.

पर्णिकानं मात्र चाकांकडे बघितलं नाही. तिला खाली पाण्याकडे बघवत नव्हतं, म्हणून ती दुसऱ्या बाजूला, जमिनीकडे वाकली. तिथं खड्ड्यात टाकी अर्धी उतरलेली दिसत होती. खड्ड्यात काहीतरी चमकत होतं. मागच्या शुक्रवारी तो खड्डा कोरडा होता, तळाशी, उतरलेल्या टाकीशेजारी, मांजर झोपलेलं तिनं पाहिलं होतं.

"आई," ती म्हणाली. "खड्ड्यात पाणी आहे."

सुलभाबाई वळल्या.

"टाकी पाण्यात गेलीय. बादलीत डबा गेला तशी. ती हलकी झाली, आई! म्हणून आपण वर जात नाही. पाणी इज पुशिंग इट!"

खालूनही त्याच वेळी हमदुल्लाची हाक आली, "खड्डे में पानी आ गया! वॉल्व में कचरा फँसा है!" भरतीचं पाणी खड्ड्यात येऊ नये म्हणून खाडीकडे एक झडप होती. तिच्यात लाकडाचा तुकडा अडकून ती उघडी राहिली होती.

सुलभाबाई सुनेकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तिचे दोन्ही गाल हातांत धरले आणि जोरजोरात हसायला लागल्या. "शाब्बास! अगं शाब्बास! मी वेडी चाकं बघत बसले. एकतीस वर्षं मुलींना घोकवलं आणि वेळेवर ओळखलं कुणी, तर माझ्या सुनेनं!"

पर्णिकाला रडू येईलसं झालं. एवढ्या उंचावर अडकलेलं असताना एवढं बरं वाटणं तिला स्वतःलाच विचित्र वाटलं.

खालून हमदुल्लानं विचारलं, "अम्मा, टंकी का पानी छोड़ दूँ? आप नीचे आ जाओ. या खड्डा खाली करता हूँ, फिर ऊपर. घंटा लगेगा."

सुलभाबाईंनी पर्णिकाकडे पाहिलं. "मला वर जायचंय. पण तू सांग. तुला भीती वाटत असेल तर खाली जाऊ."

पर्णिकानं खाली पाहिलं, वर पाहिलं. "ऊपर!" ती ओरडली.

झडपेतला लाकडाचा तुकडा काढून हमदुल्लानं तो काठावर फेकला आणि पंप खड्ड्याला लावला. दोघी लाँचेच्या फळीवर बसल्या. अरबाबनं दोरीनं बादली वर पाठवली; तिच्यात दोन कप बिनदुधाचा सुलेमानी चहा, खजूर आणि टिश्यूचा अख्खा डबा. खाडीवरून गार वारा येत होता. सुलभाबाईंनी पाय लांब केले आणि चहाचा घोट घेतला.

"ह्यांना किती आवडलं असतं," त्या म्हणाल्या. सासऱ्यांविषयी त्या पर्णिकापुढे पहिल्यांदाच बोलत होत्या. "बँकेत कॅशियर होते, सायन्सचा गंध नाही. पण मी फळ्यावर काढायचे ते चित्र आधी घरी ह्यांना समजावून सांगायचे. दर वर्षी. दर वर्षी तेच प्रश्न विचारायचे बिचारे. मला वाटायचं, कळत नाही यांना. आता वाटतं, मला सांगायला मिळावं म्हणून विचारत असतील."

पर्णिका सरकून त्यांच्या जवळ बसली.

थोड्या वेळानं सुलभाबाई म्हणाल्या, "एक सांगायचं राहिलंय. सत्यजितच्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. व्हिसाचे कागद मी बघितलेत, कपाटात वरच ठेवलेत त्यानं. मी फेब्रुवारीत परत जाणार आहे."

पर्णिकाला एकदम हलकं वाटलं, आणि लगेच त्याची इतकी लाज वाटली की तिचे कान तापले. "आम्ही काही चुकलो का?"

"छे गं. दुपारी माझ्याकडे मुली येतात शिकायला. गच्चीवर दुर्बीण लावून ठेवलीय, तिच्यावर शेजारणीनं पापड वाळत घातले असतील आतापर्यंत. माझं घर चालू आहे, पर्णिका. बंद पडलेलं नाही. हे त्याला कळत नाही. त्याला वाटतं, आई एकटी म्हणजे आई दुःखी."

"आधी मला वाटत होतं तुम्ही राहू नये," पर्णिका भर्रकन म्हणाली. म्हणून गेली आणि जीभ चावली. "आता तसं वाटत नाही. पण आधी वाटायचं."

सुलभाबाईंनी खजुराची बी टिश्यूत गुंडाळली. "मग मलाही सांगू दे. मला वाटायचं, या मुलीला माझ्याशी काय बोलावं तेच कळत नाही. आणि मला तरी कुठं कळत होतं? तू मला दुकानं दाखवायचीस, मी छान आहे म्हणायचे."

दोघींना एकदमच हसू फुटलं. त्याच क्षणी फाटकातून सत्यजितची गाडी आत आली.

निरोप वाचून तो सरळ साइटवरून आला होता. डोक्यावर अजून हेल्मेट, बुटांना सिमेंट. गाडीतून उतरून त्यानं यार्डभर नजर फिरवली, बायको दिसेना, आई दिसेना. मग अरबाबनं काठीनं वर दाखवलं.

"आई!"

"काय रे?"

"तिथं काय करतेयस?"

"चहा पितेय."

"खाली उतर आधी! पर्णिका, अगं तुला तरी काही... हे सेफ आहे का? हार्नेस नाही, काही नाही! कोण आहे इथला इन्चार्ज?"

"हबीबी," अरबाब खुर्चीतून म्हणाला, "बैठो. चाय पियो."

सत्यजित बसला नाही. तो खड्ड्यापाशी गेला, टाकी पाहिली, साखळ्या पाहिल्या, चाकं पाहिली. हमदुल्लाशी काहीतरी बोलला. मग पुन्हा वर बघितलं, पण आता बायको-आईकडे नव्हे, साखळी चाकावर जिथं बसते तिथं. पर्णिकाला वरून त्याचा चेहरा दिसत होता. राग अजून होता, पण तो हळूहळू मागे सरत होता.

खड्डा रिकामा झाला. हमदुल्लानं पंप बंद केला. मग हँडलपाशी जाऊन थांबला आणि सत्यजितकडे बघून म्हणाला, "साहब, आप करो."

"मी? एकट्यानं?"

"एक हाथ काफी है."

सत्यजितनं दोन्ही हातांनी हँडल धरला, पाय रोवले, दात आवळून जोर लावला आणि तोल जाऊन पुढेच गेला, इतका तो हलका फिरला. अरबाब खो खो हसला. सत्यजितनं एक हात काढून घेतला. लाँच वर निघाली. त्यानं थांबून हँडलकडे पाहिलं, लाँचेकडे पाहिलं आणि पुन्हा फिरवू लागला, अगदी सावकाश, झोपलेलं मूल पाळण्यात असावं तसा. वरून सुलभाबाई ओरडून सांगत होत्या, "हां, अस्सा! घाई नको!" आणि पर्णिका फळीवर उभी राहून दोन्ही हात हलवत होती.

लाँच फलाटाला लागली. सत्यजितनं खटका लावला आणि जिन्यानं धावत वर आला. त्यानं आईला हात देऊन उतरवलं. त्या बोलतच होत्या. कडीची जाडी बघितलीस का, चाकाला केवढी खाच आहे, त्या माणसानं हे सगळं कागदावर काढलं असेल तेव्हा त्याला किती मजा आली असेल.

"आई," तो म्हणाला, "मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलं. तू मला हे चित्र कधी दाखवलं नाहीस."

"दाखवलं होतं. तुला क्रिकेटला जायचं होतं."

संध्याकाळी तिघं तिथल्याच एका कॅफेटेरियात पराठा आणि ऑम्लेट खायला बसले. सुलभाबाईंनी फेब्रुवारीचं तिथंच सांगून टाकलं. सत्यजित रुसला. म्हणाला, लोक काय म्हणतील, तुला रात्री बरं वाटेनासं झालं तर कोण, आणि मी इथं कुणासाठी राबतोय. सुलभाबाई ऐकून घेत होत्या. उत्तर पर्णिकानं दिलं.

"सत्या, त्यांचं घर आहे तिकडे. रनिंग घर आहे. तू ते बंद कर म्हणतोयस. मी नाही म्हणणार."

तो तिच्याकडे बघतच राहिला. आईला ठेवून घेण्यात अडचण आली तर बायकोची येईल, अशी त्यानं मनाची तयारी केली होती. आई जाते म्हणेल आणि बायको तिची बाजू घेईल, हे त्यानं धरलंच नव्हतं. त्यानं पराठ्याचा तुकडा मोडला, खाल्ला नाही.

"मग दर हिवाळ्यात यायचं," तो अखेर म्हणाला. "तीन महिने. हे तरी कबूल कर."

"येईन की. इन्शाल्ला," सुलभाबाई म्हणाल्या. हा शब्द त्या कुठून शिकल्या कुणास ठाऊक.

फेब्रुवारीत त्या गेल्या. विमानतळावर सत्यजितपेक्षा पर्णिकाच जास्त रडली. मे महिन्यात, कुणीही तिकडे उन्हाचं जात नाही तेव्हा, ती एकटी बार्शीला जाऊन दहा दिवस राहून आली. नोव्हेंबरात सुलभाबाई परत आल्या आणि पुढेही येत राहिल्या. दर हिवाळ्यात एक शुक्रवार अजमानचा असायचा. अरबाबचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. हमदुल्लाची बायको हव्वाबी मुलांना घेऊन इथं आली आणि तिनं एकदा सगळ्यांना भात आणि कोळंबी खाऊ घातली. दोन हजार तीनच्या सुमारास खाडीकाठची ती जागा रस्त्यासाठी घेतली गेली आणि खांब पाडले. त्या वर्षी सुलभाबाईंना ते फोनवर सांगायची सत्यजितची हिंमत होईना, म्हणून पर्णिकानं सांगितलं.

पलीकडे सुलभाबाईंनी रेडिओ बारीक केला.

"चाकांचं काय केलं?" सुलभाबाईंनी विचारलं.

"माहीत नाही. विचारू हमदुल्लाला?"

"विचार. आणि हे बघ, मी तिकीट काढलंय. दहा तारखेचं. आल्यावर आपण अल ऐनला जाऊ. तिथं जमिनीखालून पाणी नेणारे जुने पाट आहेत म्हणे, अजून वाहतात. तू वाचून ठेव काहीतरी, मला समजावून सांगायला."